लांब शेपटीची अंडी आणि वरून आलेली वायर

प्रताप नगर, जयपूर
एप्रिल संपत आला

आदरणीय साडूभाऊ हिंदुराव यांस,

जयपूरहून नंदकिशोरचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, तरी पोहोचल्याचं कळवावं.) तुमची शुगर आटोक्यात असेल आणि तारामतीताई गुडघ्याचं तेल खरंच गुडघ्याला लावत असतील, नुसतं कपाटात जपून ठेवत नसतील, अशी आशा करतो. इकडे सुमन बरी आहे, तनया डॉक्टरकीच्या परीक्षेच्या अभ्यासात गळ्यापर्यंत बुडाली आहे आणि मी नेहमीप्रमाणे सावध आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तर तुमचा फोन गल्ल्यावर असतो आणि कायम स्पीकरवर असतो. मागच्या खेपेला मी माझ्या मूळव्याधीबद्दल बोलत होतो आणि तुमच्या खानावळीतल्या कुणा अनोळखी गिऱ्हाइकानं मध्येच औषध सुचवलं. व्हॉट्सअॅपवर लिहावं तर तुम्ही ते वाचायच्या आधी नातेवाइकांच्या ग्रुपवर ढकलता. तेव्हा हे पत्र एकट्यानं वाचावं, आणि वाचताना मागे कोण उभं आहे ते एकदा पाहून घ्यावं.

विषय अंड्यांचा आहे. होळीला आम्ही कराडला आलो होतो, तेव्हा खानावळीच्या मागच्या शेडमध्ये तुम्ही मला तो जपानी जातीचा कोंबडा दाखवलात. वर आडव्या बांबूवर बसला होता आणि त्याची शेपटी खाली जमिनीला टेकत होती. खोटं कशाला बोलू, मी त्या शेपटीवर भाळलो. विमा कंपनीच्या दावे विभागात माझा उभा जन्म गेला. एकच म्हैस तीन वेळा मेलेली मी कागदोपत्री पाहिली आहे, त्यामुळे सुंदर काही दिसलं की आधी ते चिकटवलेलं आहे का हेच मी बघतो. (तुम्ही चहा आणायला गेलात तेव्हा मी शेपटी हलकेच ओढून पाहिली होती. कोंबड्यानं जे केलं त्याचा वण अजून आहे.) मग तुम्ही चारचौघांत म्हणालात की ही पिल्लं काढणं नोकरदाराचं काम नव्हे. तिथं माझं डोकं फिरलं आणि डझनभर अंडी मी मागून घेतली. कोंड्याच्या डब्यात घालून, तो डबा मांडीवर धरून, मी कराड ते जयपूर एका कुशीवरही वळलो नाही. लांब शेपटीच्या कोंबडीची अंडी आणि तुमच्या बुर्जीची अंडी दिसायला सारखीच असतात, हा विचार मला रतलामच्या आसपास सुचला आणि तेव्हापासून त्यानं माझा पिच्छा सोडलेला नाही. तुमच्यावर माझा अविश्वास आहे असं समजू नये. माझा कुणावरच विश्वास नाही, त्यात तुम्ही आलात.

आता आमच्या घराची अडचण तुम्हाला ठाऊक नाही. घर भाड्याचं आहे, वरच्या मजल्यावर मालकीणबाई कासलीवाल माताजी एकट्या राहतात, आणि त्या कट्टर जैन. कांदासुद्धा आम्ही खिडकी लावून चिरतो. घर देतानाच त्यांनी हात जोडून सांगितलं होतं की बाकी काहीही करा, पण या घरात अंडं येता कामा नये, ज्या दिवशी येईल त्या दिवशी सामान बाहेर. तनयाचा क्लास समोरच्या गल्लीत, परीक्षा तोंडावर, अशा वेळी घर गेलं तर पोरीचं वर्ष गेलंच म्हणून समजा. आणि अशा घरात मी एक सोडून डझनभर अंडी आणली होती. सुमन त्या दिवशी मला एवढंच म्हणाली की तुमची अक्कल कराडच्या स्टँडवर राहिली वाटतं. त्यानंतर तिनं या विषयावर चकार शब्द काढला नाही, आणि तिचं ते गप्प बसणंच मला पहिल्यापासून खटकत होतं.

मागच्या खोलीत, बंद पडलेल्या कूलरच्या आड, थर्माकोलच्या खोक्यात एक बल्ब सोडला, पाण्याची वाटी आणि थर्मामीटर ठेवला आणि आमचं बाळंतीणघर सुरू झालं. अंडी दिवसातून दोनतीनदा फिरवावी लागतात हे तुम्हीच सांगितलं होतं, म्हणून प्रत्येक अंड्याच्या एका अंगाला फुली आणि दुसऱ्या अंगाला शून्य काढलं. (शिवाय बुडाशी माझी आद्याक्षरं. अदलाबदल करणाऱ्यांचा मला अनुभव आहे.) सकाळी फुली वर करून मी ऑफिसला जायचो. संध्याकाळी येऊन बघतो तर शून्य वर! एकदा नव्हे, रोज. अंडं स्वतः कूस बदलतं का, हे मी तुम्हाला फोनवर आडवळणानं विचारलं होतं, आणि तुम्ही स्पीकरवर हसलात. म्हणजे माझ्या पाठीमागे कुणीतरी त्या खोलीत शिरत होतं.

पहिला संशय अर्थातच तनयावर. ती हल्ली प्रोटीन, प्रोटीन करत असते. मी तिला समोर बसवून सरळ विचारलं, तर म्हणाली, "बाबा, मतलब, मी कच्ची अंडी कशाला खाऊ? आणि खाल्ली तर परत मोजायला ठेवीन का?" मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी तो मान्य केला नाही. दुसरा संशय सुमनवर, पण तिला विचारायची माझी छाती झाली नाही. मग मी आमच्या खात्यातला जुना उपाय केला. दाराच्या आत जमिनीवर टाल्कम पावडर भुरभुरली, म्हणजे पावलं उमटतील. संध्याकाळी पाहतो तर पावलंही नाहीत आणि पावडरही नाही, फरशी चकचकीत पुसलेली. एवढा सफाईदार गुन्हेगार मी अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता.

मधे एकदा खोलीत अंधार करून अंड्यामागे टॉर्च धरला. आत लाल शिरांचं बारीक जाळं आणि मध्ये काहीतरी टुकटुक हलत होतं. हिंदुराव, मी तुमच्यावर कितीही संशय घेवो, पण त्या क्षणी मला ते शेपटीबिपटीचं काही आठवलं नाही. ते हलतंय, एवढंच मला पुरे होतं. त्या दिवसापासून घराची भीती होतीच, तिच्या जोडीला या हलणाऱ्या जिवाचीही काळजी लागली.

आता मुख्य प्रसंग. तीन आठवडे भरत आले होते आणि एका दुपारी तनयाचा ऑफिसात फोन आला की सकाळी मी गेल्यापासून लाइट नाही, कुठे तरी केबल जळाली आहे आणि ती आता क्लासला निघाली आहे. खोका थंड पडला की संपलं! साहेबांना सांगितलं की घरी डिलिव्हरीची केस आहे (साहेबांनी माझ्या वयाकडे पाहिलं, पण रजा दिली) आणि सीतापुऱ्याच्या ऑफिसपासून स्कूटर अशी हाणली की आयुष्यात पहिल्यांदा मला मागून कुणी ओव्हरटेक केलं नाही. घरात शिरलो. पंखा बंद, फ्रिज बंद. मागच्या खोलीत गेलो तर खोक्यातला बल्ब मात्र लख्ख जळत होता, थर्मामीटरचा पारा जागेवर होता आणि अंडी कोमट. मग माझं लक्ष खिडकीकडे गेलं. वरून एक पिवळी वायर आली होती, कपडे वाळत घालायच्या दोरीला गुंडाळत गुंडाळत, खिडकीतून आत, आणि थेट माझ्या खोक्याजवळच्या बोर्डात.

कुणीही शहाण्या माणसानं देवाचे आभार मानले असते. मी वायर पाहिली आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की या बाई माझ्या मीटरवरून वीज चोरतात! गल्लीत लाइट नसताना माझ्या मीटरमध्ये चोरायला वीज आली कुठून, हा प्रश्न मला पडला नाही. इतक्या वर्षांची सवय आहे, चोरी दिसली की मला बाकी काही दिसत नाही. उलट मला आनंद झाला. आता अंड्यांवरून त्या मला घराबाहेर काढू शकणार नव्हत्या, कारण माझ्याही हातात त्यांचं काहीतरी सापडलं होतं. जिना चढून गेलो आणि दावेदाराला विचारतो त्या आवाजात, माझ्या हिंदीत, विचारलं, "माताजी, यह तार किसका है?"

माताजी बंद पंख्याखाली बसल्या होत्या. घामानं पदर भिजला होता आणि हातात वर्तमानपत्राची घडी घेऊन त्या वारा घेत होत्या. तोंडावर बोट ठेवून म्हणाल्या, "धीरे बोलो बेटा. मेरा इन्वर्टर पुराना है. पंखा चलाऊँ तो आपका बल्ब नहीं चलेगा."

मी तिथंच दारात खाली बसलो. सकाळपासून त्या तशाच उकाड्यात बसून होत्या. अंड्यांचं मी काहीतरी पुटपुटायला लागलो तर म्हणाल्या की मना केलंय ते खायचं अंडं, याला कोण खातंय, यात तर जीव आहे, आणि घर माझं आहे, कुठल्या खोलीत काय ऊब धरतंय ते मला कळणार नाही का? मला, सांगायला लाज वाटत नाही, रडू आलं. त्यांनी मला पाणी दिलं आणि लगेच खाली पिटाळलं, कारण फुली वर करायची वेळ झाली होती. फुली आणि शून्य त्यांना कसं ठाऊक, हे मी तेव्हा विचारलं नाही.

डझनातली चार पिल्लं निघाली. पहिलं कवच फोडत होतं तेव्हा माताजी शेजारी बसून णमोकार मंत्र म्हणत होत्या आणि मी, कारण नसताना, श्वास रोखून धरला होता. आता पिल्लं त्यांच्या गच्चीवर असतात. बाजरीचा भरडा त्या स्वतः चारतात आणि हात धुतल्याशिवाय मलाही शिवू देत नाहीत. शेपट्या अजून बोटभरही नाहीत. त्या वाढतील की तुमच्या बुर्जीचं पितळ उघडं पडेल, हे काळच ठरवील. ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ आहे तसा असू द्यावा, त्याचा पुरावा मागणार नाही.

आपला,
नंदकिशोर

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. कोंबडे आरवायला लागले की गल्ली जागी होईल, म्हणून पिल्लं पुढे कुठं द्यायची असा प्रश्न निघाला. मी बोलून गेलो की कराडला माझे साडू आहेत, फार दयाळू. माताजींनी विचारलं, शुद्ध शाकाहारी? मी म्हणालो, पिढ्यान्‌पिढ्या. तर त्या म्हणाल्या, मुलगी देण्याआधी घर बघतात, मी स्वतः येते. परीक्षा झाली की मे अखेरीस आम्ही सगळे त्यांना घेऊन येतो आहोत. तेव्हा कृपा करून खानावळीवरचा तो, स्वतःच हातात चिकनथाळी घेऊन हसणाऱ्या कोंबड्याचा बोर्ड चार दिवस उतरवून ठेवावा, चुलीवर फक्त वरण-भात चढवावा आणि गिऱ्हाइकांना पाहुणे म्हणून ओळख करून द्यावी. माताजींना कळलं तर घर गेलंच, पण त्याहून वाईट म्हणजे त्यांच्या नजरेतून मी उतरेन, आणि ते मला आता सोसणार नाही.

ता. ता. क. : दाजी, मी सुमन. पाकीट मीच चिकटवते आहे म्हणून दोन ओळी. होळीहून आलो त्याच दिवशी मी माताजींना सगळं सांगून मागच्या खोलीची किल्ली दिली होती. दुपारी त्या अंडी फिरवायच्या, त्या विसरल्या असतील म्हणून मी फिरवायचे, आणि आम्ही दोघी विसरलो असू म्हणून तनया फिरवायची. पिल्लं चक्कर न येता निघाली हेच नशीब. पावडरही मीच पुसली. ह्यांना यातलं काही सांगू नका, त्यांचा तपास अजून चालू आहे. आणि बोर्ड उतरवू नका. तुमचा धंदा काय आहे हेही मी माताजींना सांगितलंय. त्या म्हणाल्या, "तब तो जाना ही पड़ेगा." त्या पिल्लांना सोडायला येत नाहीत दाजी, तुम्हाला समजवायला येताहेत. चार दिवस राहणार आहेत. ताईला सांगा, कांदा-लसूण आवरून ठेव.