डाव्या पायाले कुंकू

दसरा, सांजच्याले

आज ट्रकची पूजा झाली. माहा डावा पाय पोलिओनं बारीक, क्लचपर्यंत पुरत नाही, म्हून पेडलवर लाकडाचा ठोकळा बसवला हाये. बायकोनं स्टेरिंगले, चाकाले हळदकुंकू लावलं, मंग त्या ठोकळ्याले. अन् मंग वाकून माह्या डाव्या पायालेच! कामरगावचे हमाल पाहून राह्यले होते.

मी खेकसलो, "पायाले कायले लावून राह्यली?"

ती म्हने, "क्लच हाच दाबते ना? मंग काय उजव्याची पूजा करू?"

लहानपनापासून हा पाय मी पॅन्टीत लपवत आलो. उगाच खेकसलो काय तिच्यावर?

आता जेवाच्या आधी हातपाय धुतले. डावा तेवढा तसाच ठेवला.