ओटीपी माझ्याच नंबरवर येतो

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. जबाबदारी वाढणार आहे. जबाबदार माणसाने नोंदी ठेवाव्यात असं कुठेतरी वाचलं होतं. कुठे ते आठवत नाही, तेव्हा नोंद ठेवली नव्हती.

परवा वालूरला साडूच्या आईच्या तेराव्याला गेलो होतो. तिथे रेंज नाही. इकडे सेलूला आपल्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी भरून ट्रक उभा. ट्रकबरोबर जे सरकारी बिल लागतं ते काढायला ओटीपी लागतो, आणि ओटीपी माझ्या मोबाईलवर येतो. बँकेचा, जीएसटीचा, ऑफिसच्या मेलचा, सगळा माझ्याच नंबरवर. पहिल्यापासून. अण्णासाहेबांना (मालक) दुपारच्या झोपेत फोनची कटकट नको होती, म्हणून त्यांनी जिथे तिथे माझा नंबर टाकायला लावला. तो तसाच राहिला. ट्रक संध्याकाळपर्यंत गेटवर. मी पंगतीत बुंदी वाढून घेत होतो. ड्रायव्हर लय बोलला म्हणे.

यावरून एकच सिद्ध होतं. मी नसलो की जिनिंग बंद पडते.

आज अण्णासाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, श्रीराम, हे काय बरं न्हाई. सगळा कारभार एका माणसाच्या खिशात बसलाय. एकदा लॉगिन केलं की सगळं उघडतं असं सॉफ्टवेअर मिळायलंय म्हणे. चार ठिकाणी चौकशी कर, कोणतं चांगलं ते सांग.

रोख माझ्या लक्षात आला. सॉफ्टवेअर आलं की ते सांभाळायला ॲडमिन लागणार. जिनिंग, तेल मिल आणि कृषी केंद्र, तिन्हींचा एक आयटी हेड. तोंडाने बोलले नाहीत. मोठी माणसं बोलत नसतात.

घरी हेमाला (बायको) सांगितलं. ती म्हणाली, पगार वाढायलाय का. मी म्हणालो, पद वाढायलंय. ती भाकरी थापत राहिली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

संकल्प : रोज सकाळी ऑफिसात एक तास अभ्यास. कुणी हाक मारली तरी उठायचं नाही.

सिंगल साइन-ऑन म्हणजे वाड्याला एकच मोठा दरवाजा. तिथे एकदा ओळख पटली की आतल्या खोल्या उघड्या. आयडेंटिटी मॅनेजमेंट म्हणजे कुणाला कोणत्या खोलीत सोडायचं ते ठरवणं. सोपं आहे. लोक उगं बाऊ करतात.

एवढं वाचून झालं आणि निकिताचा फोन. निकिता अकाउंट्सला आहे, पूर्णेहून रोज रेल्वेने येते. तिला टॅली मीच शिकवलं. म्हणजे टॅली तिला येतच होतं, कॉम्प्युटर कुठला चालू होतो ते मी दाखवलं. ती पलीकडच्याच खोलीत बसते, पण ओटीपीसाठी फोनच करते. काका, ओटीपी आला का. दिला. परत फोन. दिला. मग कृषी केंद्रातून. दिला. मग तेल मिलवाल्यांचा. दिला.

प्रत्येक मेसेजखाली बँक लिहिते, हा ओटीपी कुणालाही सांगू नका. वाचून दरवेळी बरं वाटतं. एवढी मोठी बँक आपल्यावर विश्वास टाकून आहे.

अभ्यास उद्या.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

तीन कंपन्या काढल्या. एकद्वार (पुणे), किल्लीदार (हैदराबाद), वनपास (कुठली ते सांगत नाहीत). एक्सेलमध्ये तक्ता केला. मुद्दे माझे मीच ठरवले. फोन किती रिंगांत उचलतात. माहितीपत्रक रंगीत आहे का. पोरगा सर म्हणतो की काका म्हणतो. सर म्हटलं तर दहापैकी दहा.

किल्लीदारचा पोरगा दर वाक्याला सर म्हणतो. किल्लीदार पुढे.

निकिताने मागून येऊन तक्ता बघितला. म्हणाली, काका, यात आपलं टॅली चालतं का, वजनकाटा जोडता येतो का, लाइट गेली तर काय, हे कुठाय. मी म्हणालो, ते तांत्रिक मुद्दे शेवटी असतात. ती बरं म्हणाली. पोरगी हुशार आहे, पण घाई लय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

वनपासचा डेमो. लाइट गेली. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू राहिला, इंटरनेट गेलं. पडद्यावर त्यांचा माणूस तोंड उघडं ठेवून तसाच थिजलेला. मी अर्धा तास त्याच्यासमोर बसलो. सभ्यता म्हणून उठलो नाही.

हंगाम चालू आहे. ऑफिसात सगळीकडे कापसाचं तूस उडायलंय. चहात तूस. कीबोर्डमध्ये तूस. माझ्यातही असेल.

वनपास बाद.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

एकद्वारची फ्री ट्रायल. चेहरा दाखवला की लॉगिन. आधी चंद्रभानवर प्रयोग केला. चंद्रभान गेटवरच्या वजनकाट्यावर बसतो, आलेल्या गाड्यांचं वजन घेतो. त्याने तोंडाला उपरणं बांधलेलं. सोड म्हणालो. सोडलं. भुवया, मिशा सगळं तुसाने पांढरं. मशीन म्हणालं, चेहरा आढळला नाही. चंद्रभान म्हणाला, मालक रोज वळखतेत की मला.

मग अंगठा. त्याचा उमटला. माझा उमटला नाही. चार बोटं बदलली, हात धुतले, खोबरेल लावलं. नाहीच. एकद्वारच्या पोराला फोन केला, तर म्हणाला, होतं काका, वयानुसार रेषा पुसट होतात.

काका म्हणाला. दहापैकी दोन.

आता फोनवर ॲप. कुणी लॉगिन केलं की माझ्या फोनवर प्रश्न येतो : हे तुम्हीच आहात का? खाली दोन बटणं. होय, नाही. मी स्वतःच लॉगिन केलं, प्रश्न आला, होय दाबलं. हिरवी बरोबरची खूण आली. परत केलं. परत आली. दुपारपर्यंत तेच करत होतो. तपासणी कसून झाली पाहिजे.

घरी हेमाला ॲप दाखवलं. तिने बघितलं आणि दळण आणलं का विचारलं. आणलं नव्हतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

संकल्प मोडला हे खरं. पण अभ्यासाला एक तास पुरत नाही, म्हणून एक तासाचा संकल्प मुळातच चूक होता. मोडला ते बरंच झालं.

किल्लीदारचा मोठा डेमो. अण्णासाहेब स्वतः बसले. मी नवा शर्ट. किल्लीदारच्या माणसाने विचारलं, तुमच्याकडे कोण कोण आहे, काय काय काम करतं, म्हणजे प्रत्येकाची भूमिका ठरवू. निकिता, अकाउंट्स. चंद्रभान, काटा. अण्णासाहेब, मालक. असं सगळ्यांचं झालं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, आणि सर आपण?

अण्णासाहेब पंख्याकडे बघायले. मग म्हणाले, श्रीराम म्हणजे... श्रीराम सगळंच बघतो. तो म्हणाला, सगळंच अशी भूमिका यात नाही, सर. काहीतरी एक सांगा. मी हसलो. निकिताने हळूच सांगितलं, सध्या रिकामं ठेवा.

रिकामं म्हणजे ॲडमिनसाठी राखून ठेवलेलं. व्यवहारात असंच करतात.

दुसरं महत्त्वाचं. त्याने साफ सांगितलं की बँक आणि सरकारी पोर्टल या सॉफ्टवेअरमध्ये येत नाहीत, तिथला ओटीपी तसाच राहणार. अण्णासाहेबांचा चेहरा पडला. माझा, खरं लिहायचं तर, खुलला. कुणाला दिसू दिला नाही. म्हणजे सॉफ्टवेअरही माझ्या हातात आणि ओटीपीही माझ्याच फोनवर. दुहेरी जबाबदारी. तब्येत जपली पाहिजे. उद्यापासून पहाटे फिरायला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

थंडी होती.

२४ नोव्हेंबर, सोमवार

अहवाल पूर्ण. मुखपृष्ठावर तिजोरीचं चित्र. आत प्रस्तावना, ऋणनिर्देश, तक्ता. शिफारस किल्लीदार. शेवटच्या पानावर 'प्रस्तावित ॲडमिन' आणि पुढे मोकळी रेघ. स्वतःचं नाव स्वतः लिहिणं बरं दिसत नाही.

अण्णासाहेबांनी अहवाल हातात घेऊन वजन बघितलं. म्हणाले, लय मेहनत घेतलीस. मग टेबलावर ठेवला. त्यावर चहाचा कप ठेवला. म्हणजे आता तो अहवाल रोज त्यांच्या डोळ्यांसमोर राहणार.

मग त्यांनी निकिताला बोलावलं आणि विचारलं, पोरी, ते ओटीपीचं काय करावं म्हणतीस. ती म्हणाली, अण्णासाहेब, सरकारी पोर्टलवर आपल्याला प्रत्येकाचं वेगळं खातं उघडता येतं, ज्याचं त्याचं नाव, ज्याचा त्याचा मोबाईल. बँकेतही अर्ज दिला की होतं. सॉफ्टवेअरच लागतं असं न्हाई. आतल्या कामापुरतं एकद्वार घ्या, ते लाइट गेली तरी चालतं, मी ट्रायलवर बघितलं.

मी म्हणालो, मीही हेच सुचवणार होतो.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. अण्णासाहेब म्हणाले, मंग बरंच झालं. दोघांचं एकमत हाय.

१ डिसेंबर, सोमवार

एकद्वार आलं. ॲडमिन निकिता.

जाहीर काही केलं नाही. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात तिचं नाव आहे, तेवढंच. विचार केला. ॲडमिन म्हणजे दिवसभर लोकांचे विसरलेले पासवर्ड काढून देणं. ते माझ्या वयाला शोभणारं नाही. मी त्याच्या वरचा आहे. वरच्या पदाला नाव नसतं.

काही वाटलं नाही. डबा खाल्ला. भाजीत मीठ होतं की नव्हतं सांगता येत नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

हळूहळू एकेक खातं ज्याच्या त्याच्या नंबरवर गेलं. आधी सरकारी बिलं. मग जीएसटी. मग मेल. बँक तेवढी राहिली. बँकवाले एवढ्या सहज माझा नंबर सोडणार नाहीत. संबंध जुने आहेत.

फोन कमी वाजायलाय. निवांतपणा आहे. या निवांतपणात वाचन वाढवायचं ठरवलं. पुस्तक शोधलं. चष्मा सापडला नाही. चष्मा डोळ्यांवरच होता हे हेमाने सांगितलं, तोवर वेळ गेली.

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळी ऑफिसात कॉम्प्युटर उघडला. पडद्यावर आलं : आपल्याला कोणतीही भूमिका दिलेली नाही. निकिताला सांगितलं. ती कसनुशी झाली. म्हणाली, काका, काहीतरी एक निवडावंच लागतंय, नाहीतर ते आतच सोडंना. अण्णासाहेबांना विचारून सांगते.

विचारून आली. चंद्रभानच्या काट्यावर हंगामात दुसरा माणूस लागतोच म्हणे. तिथे जागा होती.

आता मला दोनच गोष्टी दिसतात, गाडीचा नंबर आणि वजन. बाकी खोल्या बंद. खरं तर कापूस आत येतो तो काट्यावरूनच. काट्यावाचून जिनिंग नाही. अण्णासाहेबांनी मला मुळाशी नेऊन बसवलं आहे. ते दूरचं बघतात.

चंद्रभानने स्टूल पुसून दिलं. म्हणाला, बसा भाऊ, इथं ऊन बरं लागतंय.

ऊन खरंच बरं लागतं.

२२ डिसेंबर, सोमवार

हेमाने विचारलं, आजकाल जेवताना फोन वाजंना तुमचा, बिघडलाय का. मी म्हणालो, सायलेंटवर आहे. ती म्हणाली, मग आता दोन घास सुखाने खा. वाढून तिथेच बसली, उठली नाही. पूर्वी मी जेवताना ओटीपी सांगायचो तेव्हा ती स्वयंपाकघरात निघून जायची.

भाजी चांगली झाली म्हणालो. ती म्हणाली, भाजी काल केली होती, आज पिठलं हाय.

संध्याकाळी फोन दुकानात दाखवला. दुकानदार म्हणाला, काही झालेलं नाही, फोन एकदम चांगलाय.

५ जानेवारी, सोमवार. दुपारी, काट्यावरून

फोन वाजला. निकिता. आनंद झाला. लिहायला लाज कशाला, लय आनंद झाला. चंद्रभानला म्हणालो, थांब, ऑफिसचा फोन आहे, आणि स्टुलावरून उठून बाजूला गेलो.

ती म्हणाली, काका, बँकेच्या खात्याला तुमच्या जागी ऑफिसचा नवीन नंबर टाकायलेय. काढताना जुन्या नंबरवर एक ओटीपी जातो. तेवढा शेवटचा सांगा बरं.

मेसेज आला. पहिल्यांदा मी एक आकडा मुद्दाम चुकीचा सांगितला. ती म्हणाली, घेईना काका, परत पाठवते. परत आला. या वेळी एकेक आकडा सुटा करून सांगितला. तिला म्हणून दाखवायला लावलं. तिने म्हणून दाखवला. बरोबर होता.

थँक्यू काका, म्हणाली. मी म्हणालो, आणखी काही लागलं तर कर फोन. ती हो म्हणाली.

लगेच बँकेचा मेसेज आला. तुमचा मोबाईल नंबर या खात्यातून काढण्यात आला आहे. ही विनंती तुम्ही केली नसल्यास ताबडतोब आमच्याशी संपर्क साधा. खाली त्यांचा नंबर होता.

तो नंबर बराच वेळ बघत उभा राहिलो. मग कापसाची गाडी काट्यावर चढली आणि चंद्रभानने हाक मारली, भाऊ, नंबर घ्या गाडीचा. घेतला.