तोडलेलं पाणी

७ मार्च
आरवने पुन्हा गादी ओली केली. पाच वर्षांचा घोडा. दिवसभर बाटल्यांवर बाटल्या पाणी. आईला फोन केला. म्हणाली, "दिस मावळल्यावर पानी तोड त्याचं. आपोआप सुधरंल." माठ वरच्या फळीवर चढवला. मी आठवीला विज्ञान शिकवते. तरी चढवला.

११ मार्च
संध्याकाळी मोरीत सापडला. ओलं फडकं तोंडात पिळत होता. मला बघून पाठीमागे लपवलं. धपाटा घातला मी.

१२ मार्च
सकाळी ताप, ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. केडगावातून रिक्षाने नगरला. ॲडमिट. पाणी कमी पडून रक्तात सोडियम चढलंय. डॉक्टरबाईंनी विचारलं, "पाणी बंद केलं होतं का?" हो म्हणाले. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१८ मार्च
चाचणी. डॉक्टरबाईंच्या डोळ्यांदेखत पाणी बंद, तासातासाला वजन, लघवी मोजायची. मग व्हासोप्रेसिनसारखं औषध. पाणी राखून ठेव, असा मेंदूचा किडनीला निरोप असतो, तो हा. औषधाने लघवी घट्ट झाली तर निरोपच कमी पडतोय, रोज गोळी दिली की भागलं. देवा, एवढं कर.
लघवी पाण्यासारखीच.

१९ मार्च
निरोप पोचतो, घेणारं कुणी नाही. बाईंनी कागदावर दोन रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारे, काढून दाखवले. व्ही-वन रक्तवाहिन्यांवर, तो ठीक. व्ही-टू किडनीत, तो जन्मापासून बिघडलेला. उपाय? मीठ कमी, लघवी थोडी कमी करणारी वेगळी गोळी, आणि पाणी. मागेल तेव्हा, मागेल तेवढं. जन्मभर.
"आईकडून मुलात येतं हे. माहेरी कुणाला होतं?"
नाही म्हणाले. डिस्चार्ज घेऊन जिना उतरताना आठवलं. बाळूदादा.

२० मार्च
माझ्या जन्माआधीचा भाऊ. तीन वर्षांचा असताना गेला. उन्हाळा, ताप, उलट्या. उलट्या थांबेनात म्हणून पाणी तोडलं, तेव्हा सगळे तसंच करायचे. "गुरांच्या हौदाकडं पळायचा, मी धरून ठिवायची." आई हे त्याच्या खोड्यांमध्ये सांगते. हसून सांगते. लहानपणी मीही हसायचे.
दिवसभर काही सुचलं नाही. शाळेत…

२५ मार्च
आई पारनेरहून एसटीने आली. आल्यापासून आरवजवळ बसून आहे. तो तांब्यामागून तांब्या पितो, ती बघते. हौदाची गोष्ट काढली नाही. दुपारी भाकरी थापताना, माझ्याकडे पाठ करून, "आपल्या बाळूलाबी ह्येच हुतं का गं?"
"मला काय माहीत. डॉक्टरांना विचारावं लागेल."
भ्याड आहे मी. माठ मीही चढवला होता, पण माझा वाचला. तिला कुठल्या तोंडाने सांगू?
उद्या दहाला तपासणी. आईने नवं लुगडं काढून ठेवलंय. म्हणते, "मीबी येते. मीच इचारते बाईस्नी."