छकुलीची रेघ

प्रिय आई,

तुझ्या पायांवर इथूनच डोकं टेकते. मी मजेत आहे, उगीच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. पोटभर जेवते. भांडी इतकी लख्ख घासते की त्यांत बघूनच वेणी घालते.

कामावर ठेवलेल्या प्रत्येक मुलीला बाई छकुलीच म्हणतात. स्वयंपाकघराच्या दारावर सगळ्यांच्या उंचीच्या रेघा आहेत. माझ्या कपाळाच्या वर मात्र एकही नाही. मी विचारलं, "आधीची छकुली कुठे गेली?"

बाई हसल्या. "अगं, कुठे जाणार? ही काय, माझ्यासमोर उभी आहे!"

परवा शाळेच्या ताई आल्या, ही मुलगी शाळेत का नाही म्हणाल्या. बाईंनी मला जवळ घेतलं आणि पाहुणी आलीय म्हणून सांगितलं. ताई गेल्या तरी बाईंचा हात माझ्या खांद्यावरून निघेना.

बाबांचा खोकला थांबला का?

काल माझी रेघ मारताना बाईंनी विचारलं, "धाकटी केवढी झाली गं?" मी ठोकून दिलं, माझ्याहून उंच आहे. आई, बाईंकडून तिला बघायला कोणी आलं, तर तिला चवड्यांवर उभी कर.

तुझी थोरली
(छकुली नव्हे)