दारावरचा राक्षस आणि तिसरा फॉर्म

धरमपेठ, नागपूर
३ जुलै

चि. नूपुर हिस सुमंतकाकाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पुण्याला जाताना तू आमच्या टीव्हीला जोडून दिलेला खेळ सुरू केला आहे. आजवर एकेचाळीस वेळा मेलो. पुनर्जन्म इतकी वर्षं कॉलेजात शिकवला, अनुभव आत्ता आला.

पैज विसरलो नाही. सीएच्या शेवटच्या परीक्षेत दोनदा नापास झालीस म्हणून तिसरा फॉर्म भरायचा नाही म्हणतेस. मी पहिल्या दारावरचा राक्षस मारला तर भरशील. मुदत वीस तारखेला संपते आणि राक्षस ठणठणीत आहे.

सुरुवातीला खेळात बळ, बुद्धी वगैरेंना गुण वाटून द्या म्हणाले, ते मी सगळेच्या सगळे बुद्धीला दिले. परिणामी माझा योद्धा प्रकांड पंडित आहे आणि त्याला तलवार उचलत नाही. त्यातून राक्षसाला पांढरी दाढी! वडीलधाऱ्या माणसासमोर एकदम शस्त्र कसं काढायचं? खेळात वाकून नमस्काराची सोय आहे, तो करतो. मान वर होण्याआधीच परलोकात असतो. तुझी काकू लसूण सोलता सोलता बघते. काल विचारत होती, की हा माणूस रोज मरायले काहून जाऊन राहिला.

काही उपाय कळव. लोभ आहेच, सध्या थोडी दयाही असू दे.

वारंवार कैलासवासी,
सुमंतकाका

पुणे
८ जुलै

ती. सुमंतकाका यांस नूपुरचा शि. सा. न., वि. वि.

पत्र ऑफिसात वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या टेबलावरून पाणी आलं. काका, नमस्कार बंद! तो राक्षस आहे, तुमचा कुलगुरू नाही.

मेल्यावर तुमची कमाई तिथेच सांडलेली असते. आधी ती उचला, मग शौर्य. छोटे शिपाई मारून जे मिळेल ते बळाला द्या. जड चिलखत उतरवा, त्यात लोळण घेता येत नाही. वार आला की मागे पळू नका, त्याच्या बगलेतून पुढे लोळा. एक वार करा, फार तर दोन. तिसऱ्याचा मोह झाला की गेलात. दम थोडा राखून ठेवा.

फॉर्मचं मात्र विचारू नका. आई रोज फोनवर गप्प राहून विचारते, तेवढं पुरे. तिसऱ्यांदाही नापास झाले तर तोंड कुठे दाखवू?

काकूला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
नूपुर

धरमपेठ, नागपूर
१४ जुलै

चि. नूपुर हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

राक्षस मेला! सीताबर्डीवरून संत्रा बर्फी आणली, शेजारी वाटली. कारण विचारलं तेव्हा वधाचं सांगितलं. हल्ली ते मला जरा लांबूनच बघतात.

परंतु खरं लिहायला हवं. मी मारला नाही. लोळण शिकलो, बळ वाढवलं, त्याला अर्धा केला, तेवढ्यात दारात गॅसवाला आला. रिमोट काकूच्या हातात दिला आणि धर म्हटलं. परत येतो तो राक्षस जमिनीवर! मी कॉलेजात असताना बाईसाहेबांचा रोज सराव चालला होता. लहानपणी भिवापूरला वाळत घातलेल्या मिरच्या वानरांपासून राखायचं काम तिचं. हुप्प्या आधी खोटी झेप घेतो, तेव्हा हलायचं नाही. खरी घेतली की काठी. हा दाढीवालाही दोनदा खोटाच हात उगारतो म्हणे. मग मला का नाही सांगितलं, तर म्हणाली, तुमाले कधी सांगू, तुम्ही तर नमस्कार करून राहिले होते.

सबब पैज मी हरलो, तुझ्यावर बंधन नाही. मुदतीला सहा दिवस आहेत, एवढंच लिहितो. उपदेश गिळला आहे, बर्फीबरोबर.

लोभ हरणाऱ्यावरही असावा.

सुमंतकाका

पुणे
१८ जुलै

ती. काका-काकू यांस शि. सा. न., वि. वि.

फॉर्म भरला. आज सकाळीच.

आता कबुली. तुम्हांला एवढे सल्ले देणाऱ्या मला तो राक्षस कधीच मारता आला नाही. सत्तरएक वेळा मेले आणि खेळ तुमच्या गळ्यात घालून पळाले. सल्ले सगळे दुसऱ्यांचे व्हिडिओ बघून पाठ केलेले! काकूने त्याला हाणला हे वाचून आधी जळफळाट झाला, मग खोलीत एकटीच नाचले, आणि मग वाटलं, दोन्हीकडून पळून आलेली मीच आहे.

परीक्षा संपली की मिळेल त्या गाडीने येते. राक्षस पुन्हा उभा करून ठेवा, मला स्वतः मारायचा आहे. तोवर दारापलीकडे काय आहे ते कळवायचं नाही, आणि काकूला एक पाऊलही पुढे जाऊ द्यायचं नाही. ऐकत नसेल तर रिमोट लपवा.

कृपा असावी, आणि काकूवर नजर असावी.

तुमची,
नूपुर