पुढच्या दोन खोल्या

पिंपरी पेंढार,
मंगळवार

प्रिय जहाँआरा,

काल तुझ्या सानियाचा फोन आला होता. बोलता बोलता पोरगी म्हणाली, अम्मी किराणावाल्याकडून रिकामे खोके आणतेय, खोल्या सोडायच्यात. तेव्हापासून मला चैन नाही. सोडायला सांगितलं कधी, आणि नेमकं कोणत्या शब्दांत? कागद दिला की नुसतंच तोंडी? सानिया म्हणते, रामदासमामा चहाला आले आणि "भाभी, दिवाळीपत्तूर बघा कुठंतरी, हितं बिल्डिंग व्हायचीय," एवढं बोलून कप ठेवून गेले. तेवढ्यावर तुम्ही बांधाबांध सुरू केलीत? माझा भाऊ एवढा मोठा कधीपासून झाला गं?

मी चौकस, हे तुला नवं नाही. तू लग्न होऊन आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत आलीस तेव्हा मी बारावीत होते, आणि अभ्यास सोडून तुमच्या गादी कारखान्यात येऊन बसायचे. पिंजल्यावर कापूस एवढा फुगतो कसा, तुझे टाके सरळ कसे येतात, नाकाला फडकं बांधूनही तुझे नवरोबा अन्सारभाई शिंकतात कसे. तू उत्तरं द्यायचीस, वर हातात दाभण द्यायचीस, तोंड चालतं तसा हातही चालू दे म्हणून. माझ्या लग्नातली गादी तूच भरलीस. आमच्या वडिलांनी, दादांनी, शेवटचे महिने तुझ्याच गादीवर काढले, आणि त्यांना कुशीवर वळवायला अन्सारभाई रोज यायचे. रामदास हे विसरला असेल असं नाही. बिल्डरने फ्लॅट दाखवला की आठवण जरा मागे सरकते, इतकंच.

म्हणून आज जुन्नरला कोर्टाजवळच्या संपत वकिलांकडे गेले. वहीत अकरा प्रश्न लिहून नेले होते. ते हसले. "ताई, मालकाची भैन भाडेकरूचं इचाराया आलेली पयल्यांदाच बघतोय," म्हणाले. पण सांगितलं सगळं. नियम प्रत्येक जागेला सारखे नसतात, पण माझ्याकडच्या दादांच्या कागदांतला तुमचा जुना भाडेकरार बघून ते स्पष्ट बोलले, की मालकाच्या तोंडी सांगण्याने घर सुटत नाही. आधी कारणासकट लेखी नोटीस हवी. तरी भाडेकरू हलला नाही तर मालकाने कोर्टात जायचं. हुकूम नसताना कुलूप लावायचं नाही, वीज-पाणी तोडायचं नाही. पाडून नवं बांधायचं असेल तर नव्या इमारतीत जागा देण्याची हमी मालकाला द्यावी लागते. मी विचारलं, तोवर यांनी पिंजायचं मशीन कुठे न्यायचं, आणि गिऱ्हाईक यांना कुठे शोधेल? तर म्हणाले, मधली जागा आणि सामान हलवणं आधी कागदावर ठरवून घ्या, मगच हला. एकदा 'स्वखुशीने सोडतो' असं लिहून दिलं की मग भांडणं अवघड.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "जाऊ दे गं, भावाबहिणीत कशाला" म्हणून ठेवून देतेस, आणि मला जे कबूल करायचंय ते बोलून व्हायचं नाही. दादांच्या वर्षश्राद्धाला रामदासने माझ्यापुढे एक कागद धरला होता. "अक्का, वारसनोंदीचं हाय, हितं सही कर." जगाला प्रश्न विचारणारी मी, तेवढाच कागद न वाचता सही करून मोकळी झाले. त्याची माझ्याकडे पडून राहिलेली प्रत आज वकिलांपुढे पहिल्यांदा वाचली. ती बिल्डरला दिलेली संमती आहे, आणि 'भाडेकरू स्वखुशीने जागा सोडत आहेत' या ओळीखाली माझी सही आहे. तुला घालवणाऱ्या कागदावर पहिली सही माझी आहे, जहाँआरा. मला फार लाज वाटते. संमती मागे घेतल्याचं आजच लिहून दिलं आणि रामदासला फोन केला. तो म्हणाला, "बेस्तरवारी त्यांच्या सह्या घेतो, आन तू आता ह्या घराची पायरी चढू नको." तेव्हा गुरुवारी तो येईल, गोड बोलेल, चहाही मागेल. चहा दे, सही देऊ नकोस. हे पत्र उद्या सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतेय, म्हणजे बुधवारीच तुझ्या हाती पडेल; अन्सारभाईंना वाचून दाखव. रविवारी मी येतेय. बॅग तुझ्याकडेच ठेवीन. दादांच्या घरात शिरायला मला आता तुझंच दार उरलंय.

तुझीच,
उज्ज्वला