तुझा हलवा सात वेळा पाहिला

डिमोना, सोमवार

लाडक्या सिपोरास थोरल्या बहिणीचा शालोम आणि पोटभर आशीर्वाद.

आम्ही इकडे सुखरूप आहोत. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकतंय कोण?

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर लिहिलं तर साऱ्या नातलगांना दिसतं, म्हणून हे कागदावर. सिपोरा, मी तुझ्यावर जळते गं. तुमच्या अलिबागला शनिवारचा शब्बाथ आमच्या अडीच तास आधी सुटतो. मी इथे फोन बंद ठेवून शब्बाथ सुटल्याचे तीन तारे आभाळात शोधत बसते, तोवर तुझ्या सणाच्या हलव्याचा व्हिडिओ फेसबुकवर, इन्स्टावर, सगळीकडे पोचलेला. फोन उघडला तर दोनशे बारा लाईक! त्यात आमची नात याएल म्हणते, "आजी, मावशीआजीचा हलवा बघ, कसला भारी!"

म्हटलं, "अगं भवाने, गेल्या आठवड्यात माझा हलवा ताट पुसून खाल्लास, तेव्हा जीभ कुठे गेली होती?"

मग चूक काढायचीच म्हणून तो व्हिडिओ सात वेळा पाहिला. गव्हाचा चीक, नारळाचं दूध, वेलची, सगळं आईसारखं. मेलं काही सापडेना. सातव्या वेळी दिसलं. ढवळता ढवळता तुझा उजवा हात थांबतो आणि पळी डाव्या हातात जाते.

दोनशे बारा जणांत ते कुणालाच दिसलं नाही. कधीपासून दुखतोय गं हात? तुझ्या नवऱ्याला, दावीदला तरी सांगितलंस का?

ग्रुपवर लिहू नकोस. मला एकटीला कळव.

तुझी जळकुटी ताई,
एलिशेबा